न लिहिलेली मराठी : उंब्रजच्या एका जुन्या लोडरच्या निमित्ताने

मराठीच्या प्राध्यापकांनी लोडरवर लिहावे, हे वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. परंतु गेली दोन वर्षे आम्ही दोघे ज्या प्रश्नाभोवती घुटमळत आहोत, तो आम्हांला ग्रंथालयात भेटला नाही. तो भेटला उंब्रजजवळ, तारळी कृष्णेला मिळते त्या अंगाच्या एका शेतात, हात ग्रीसने माखलेले असताना. तेव्हा तिथूनच सुरुवात करणे प्रामाणिकपणाचे होईल.

आमच्यापैकी एकाचे आजोळ उंब्रजचे. मामांच्या गोठ्यापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक चेनवाला लोडर उभा असतो. चेनवाला म्हणजे टायरऐवजी लोखंडी पाट्यांच्या साखळीवर चालणारा. खालून रणगाडा, पुढून माती उचलणारी बकेट. वयाने तो आमच्याच बरोबरीचा, म्हणजे चाळिशी ओलांडलेला. मामांनी तो फार वर्षांपूर्वी एका लिलावातून भंगाराच्या भावाच्या थोडा वर घेतला आणि तेव्हापासून शेताचे सपाटीकरण, विहिरीचा काढलेला मुरूम पसरणे, वीटभट्टीची माती, शेततळे अशी कामे त्याच्याकडून करून घेतली. आज ही कामे बहुतेक ठिकाणी जेसीबी करतो. जेसीबी हे मुळात एका इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे, आणि पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. मराठीने दोन्ही नावे सामान्यनामे करून टाकली आणि त्यांना लिंग-वचनही देऊन टाकले. ('जेसीबी आला', पण 'पोकलेन आली', असे आमच्या भागात ऐकू येते. याचा नियम कोणी सांगितल्यास आम्ही ऋणी राहू.) टायरवाले यंत्र स्वतःच्या पायाने रस्त्यावरून कामावर जाते, चेनवाल्याला ट्रेलरवर चढवून न्यावे लागते, डांबरावर चालवला तर रस्ताही खराब होतो आणि चेनही. बाजारातून तो मागे पडला यात अन्याय काही नाही.

मात्र चिखलात गणित उलटते. चेनमुळे यंत्राचे वजन मोठ्या क्षेत्रफळावर विभागले जाते आणि जिथे टायर रुततो तिथे ते तरून जाते. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या शेतांत गाळाचे थर बसले, बांध वाहून गेले, तेव्हा घात येण्याआधीच ज्या मोजक्या यंत्रांना रानात उतरता आले त्यांत मामांचा हा म्हातारा होता. त्या महिन्यापासून भावकीत त्याला भंगारात घालण्याची भाषा बंद झाली.

हे यंत्र चालू आहे ते एका माणसामुळे. त्यांचे नाव आम्ही इथे देत नाही. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. सातारा जिल्ह्यात १९७० आणि १९८० च्या दशकांत धोम, कण्हेर यांसारख्या धरणांची कामे चालली, तेव्हा मातीकामाच्या यंत्रांवर हेल्पर म्हणून लागलेल्या पोरांपैकी ते एक. शाळा सातवीपर्यंत. यंत्रांची इंग्रजी पुस्तके वरिष्ठांच्या कपाटात असत. यांच्या वाट्याला पाना, रॉकेलचा डबा आणि वरच्या फिटरची बोलणी. वय आता सत्तरीच्या पुढे गेले आहे, आणि ज्या कानांनी त्यांनी आयुष्यभर इंजिने ऐकली त्यांतला उजवा जवळजवळ गेला आहे. ते आता डावा कान पुढे करून इंजिनाभोवती फिरतात, एक लांब पेचकस बेअरिंगच्या घरावर टेकवतात आणि त्याची मूठ कानाच्या हाडाला लावतात.

मागच्या दिवाळीच्या सुमारास लोडर तीन आठवडे उभा राहिला. तक्रार दोन पदरी होती : भरलेली बकेट वर नेऊन ठेवली की आपोआप खाली बसत जाई, आणि वर जातानाही आळसाने जाई. शहरातून एका तरुण मेकॅनिकला बोलावले. पोरगा हुशार होता, नव्या यंत्रांना लॅपटॉप जोडून बिघाडाचा क्रमांक वाचण्यात त्याचा हातखंडा. पण या यंत्राला लॅपटॉप जोडायला जागाच नाही. त्याने दोन तास पाहून हायड्रॉलिक पंप बदलण्याचा सल्ला दिला. पंपाची किंमत ऐकून मामा गप्प बसले. त्या गप्प बसण्यात लोडर विकण्याचा विचार होता, हे घरातल्या सर्वांना कळले.

मग मिस्त्री आले. त्यांनी बकेट वर नेली, लिव्हर मध्यावर सोडला, इंजिन बंद केले आणि बिडी पेटवली. बकेट बसू लागली. ते म्हणाले, "पंप बदला म्हंजी काय, पाव्हणं? इंजिन बंद हाय, पंप झोपलाय. झोपल्याला माणूस चोरी कशी करंल?"

हे वाक्य आम्ही त्या दिवसापासून पुष्कळ ठिकाणी सांगितले आहे, कारण त्यात अनुमानाचा एक संपूर्ण पाठ आहे. लिव्हर मध्यावर असताना वर उचललेल्या बकेटला पंपाचा आधार नसतोच. तिला तोलून धरते ते सिलिंडरमध्ये कोंडलेले ऑइल. बकेट बसते याचा अर्थ ते कोंडलेले ऑइल कुठून तरी वाट काढते आहे, आणि वाटा मुख्यतः दोन : सिलिंडरच्या आत, पिस्टनच्या झिजलेल्या पॅकिंगमधून एका बाजूचे ऑइल दुसऱ्या बाजूला, किंवा कंट्रोल व्हॉल्व्हच्या आत, सरकणाऱ्या दांडीच्या झिजेतून परत टाकीकडे. बाहेर थेंबही दिसत नाही. (सिलिंडरला आमच्याकडे सर्रास 'जॅक' म्हणतात, पुढे आम्हीही तसेच म्हणू.) या दोन वाटांतली खरी कोणती, हे ठरवण्याची मिस्त्रींची रीत अशी. बकेटचे दांडे पूर्ण वर न्यायचे आणि त्यांखाली लोखंडी टेकू भक्कम लावायचे. नुसत्या ऑइलवर तोललेल्या बकेटखाली कधीही, क्षणभरसुद्धा, शिरायचे नाही. मग इंजिन बंद करून, लिव्हर हलवून पाइपातला दाब सोडायचा आणि जॅकच्या वरच्या, म्हणजे दांडीच्या बाजूचा पाइप सोडवून त्याचे तोंड बंद करायचे. इंजिन पुन्हा चालू करून जॅक वर जाण्याच्या दिशेने लिव्हर दाबून धरायचा आणि मोकळ्या राहिलेल्या तोंडाकडे दुरून पाहायचे. जॅक आधीच टोकाला गेलेला असल्यामुळे तिथून ऑइल येण्याचे काही कारण नाही. तरीही धार लागली, तर ती पिस्टनला ओलांडून आलेली आहे, पॅकिंग गेले. तोंड कोरडे राहिले, तर दोष व्हॉल्व्हकडे.

धार लागली. पॅकिंगचा संच कराडहून आला, दोन्ही जॅक खोलले गेले, आणि बकेट बसण्याबरोबर तिचा आळसही गेला. वर ढकललेल्या ऑइलचा एक भाग आतल्या आत निसटत होता, त्यामुळे उचल मंद होती. एकच रोग, दोन लक्षणे. खर्च पंपाच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

आम्ही हे सर्व एका वहीत उतरवून घेत होतो. सवयीने. आणि घरी आल्यावर, तितक्याच सवयीने, आम्ही त्याचे 'शुद्ध' मराठी केले. हायड्रॉलिकचे 'द्रवचालित' झाले, स्प्रॉकेटचे 'दंतचक्र', पॅकिंगचे 'संपुटक' (हा आमचाच शब्द, आम्हांला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता), ग्रीसचे 'वंगण'. पुढच्या खेपेला ते पान मिस्त्रींना वाचून दाखवले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि अत्यंत आदराने विचारले, "ह्ये कुठल्या मशीनचं हाय, सर?"

आमच्या लिखाणाचे इतके नेमके परीक्षण आजवर कोणी केलेले नाही.

इथे आमचे मूळ म्हणणे येते. मराठी ज्ञानभाषा व्हावी असे आपण परिसंवादांतून म्हणत असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर अधिकच उत्साहाने म्हणतो. ज्ञानभाषा होणे म्हणजे इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द असणे, अशी आपली एक समजूत आहे. भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषाकोशांचे जे काम केले त्याची आम्हांला जाण आहे आणि प्रशासनाच्या भाषेपुरते ते काम मोठे आहे. परंतु यंत्रदुरुस्तीच्या क्षेत्रात ज्ञान मराठीत आधीपासूनच आहे. ते पूर्णपणे मराठीत आहे. त्याचा कार्यकारणभाव मराठी, त्याची क्रियापदे मराठी, त्याचे विनोद आणि शिव्या मराठी. उसनी आहेत ती फक्त नामे. 'चेन उतरते', 'बकेट बसते', 'इंजिन लोड घेत नाही', 'डिझेलने हवा धरली', 'पाना फिरतो' या वाक्यांत विचार करणारी भाषा कोणती? आपण नामांकडे पाहून हळहळतो आणि क्रियापदांकडे आपले लक्षच जात नाही. हवा 'धरणे' आणि हवा 'काढणे' ही जोडी पाहा : डिझेलच्या नळीत हवेचा फुगा शिरला की इंजिन फिरते पण पेटत नाही, मग हातपंप मारत फिल्टरपासून पुढे एकेक नट किंचित सैल करत जायचे, फेस यायचा थांबून निव्वळ डिझेल आले की नट कसायचा. या कृतीचे वर्णन मिस्त्री ज्या तीन वाक्यांत करतात, त्याहून स्वच्छ मराठी गद्य आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत आम्हांला क्वचित आढळते. आमच्याही लेखांत क्वचित.

उणीव शब्दांची नाही, लेखनाची आहे. हे ज्ञान कोणी लिहिलेले नाही.

एके काळी असे नव्हते. मसूरच्या स्थानकावर मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की कराडच्या पुढे किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली तिथे लक्ष्मणरावांचा कारखाना उभा राहिला आणि १९२० साली तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. नांगराच्या कारखान्याचे ते वार्तापत्र. त्याचेच पुढे मराठीतले एक अग्रगण्य मासिक झाले आणि १९३० साली त्याच घरातून 'स्त्री' निघाले. मराठी विभागांत आम्ही हा इतिहास 'नियतकालिकांची वाटचाल' या प्रकरणात शिकवतो आणि नांगर ही त्यातली एक गमतीची तळटीप असते. लोखंडाच्या कारखान्यातून वाङ्मयीन मासिक निघू शकले, हा योगायोग नव्हता. वस्तू कशी चालते हे सामान्य माणसाला मराठीत सांगण्याची गरज आणि गोष्ट सांगण्याची हौस त्या काळी एकाच छापखान्यात नांदत होत्या. त्याआधी, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा'त बलुत्याअलुत्यांचे व्यवहार त्यांच्या शब्दांसह नोंदवले. लोहाराची ऐरण आणि सुताराचा वाकस मराठी पुस्तकात आला. लोहाराच्या नातवाच्या हातातला ग्रीसगन मात्र आला नाही. यंत्र आमच्या साहित्यात आले ते युगाचे चिन्ह म्हणून किंवा शोषणाचे प्रतीक म्हणून. दोन्ही खरे आहे. पण बिघडलेले आणि दुरुस्त होऊ शकणारे यंत्र, ज्याच्याशी माणूस चाळीस वर्षे संसार करतो, ते आम्हांला मराठी कथा-कादंबरीत फारसे दिसलेले नाही.

वाचकांपैकी कोणाच्या दारात असे यंत्र असेल, तर या वहीतला चेनविषयीचा भाग त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून थोडा विस्ताराने देतो. चेनवाल्या यंत्राच्या देखभालीचा मोठा खर्च खालच्या अंगाला, म्हणजे चेन, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट यांनाच लागतो. चेनला ठरावीक झोल हवा. वरच्या रोलरपासून पुढच्या आयडलरपर्यंत सरळ फळी ठेवून तिच्याखाली चेन किती लोंबते ते मोजायचे; किती असावी ते प्रत्येक यंत्राच्या पुस्तकात असते, बहुधा दोन-चार बोटांच्या आतबाहेर. झोल कमी म्हणजे ताण जास्त, आणि ताणलेली चेन पिना, बुश, स्प्रॉकेट सगळ्यांना रोज थोडी थोडी खाते. लोकांना मात्र घट्ट चेन म्हणजे नीट राखलेले यंत्र असे वाटते. फार सैल सोडली तर वळणावर उतरते. झोल मोजायचा तो यंत्र रोजच्या मातीत थोडे चालवून आणल्यावर. धुऊन मोजला तर फसगत होते, कारण कृष्णाकाठची काळी माती स्प्रॉकेटच्या दातांत ठासून बसते आणि चेन आपोआप आवळली जाते. ही माती संध्याकाळीच काढायची. रात्रभर राहिली तर सकाळी ती विटेसारखी होते आणि रोलर फिरायचे सोडून घासत जातात. एका बाजूने सपाट झालेला रोलर दिसला की ओळखावे, हा मालक सकाळी धुणारा आहे.

ताण वाढवायला नळीत ग्रीस भरायचे, ते आयडलरला पुढे ढकलते. कमी करायला तिथला व्हॉल्व्ह एखादा आटा सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही, आणि त्याच्या समोर तोंड धरायचे नाही. आतले ग्रीस भयंकर दाबाखाली असते. हायड्रॉलिकच्या पाइपाला बारीक छिद्र असेल तर तेही हाताने चाचपायचे नाही, पुठ्ठा फिरवून पाहायचे. सुईसारखी धार कातडीतून आत जाते, वेदना थोडी आणि इजा मोठी. मिस्त्रींच्या एका जुन्या सोबत्याचे बोट असेच गेले. आणि एक, उलटे पळवू नका. मागे जाताना बुश स्प्रॉकेटवर भार घेऊन घासतात, वेगात तर फारच. बुश एका अंगाने झिजले की संपूर्ण झिजण्याची वाट न पाहता पिन-बुश अर्धा फेरा फिरवून घेतले तर तीच चेन पुन्हा बरीच वर्षे जाते. उसाच्या फडाशेजारी काम असेल तर दुपारी रेडिएटरच्या जाळीतले पाचट काढावे. इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप बदलून झालेली, आणि दोष मूठभर पाचटाचा निघालेली उदाहरणे वहीत तीन आहेत. धुराचा रंग तर सगळेच पाहतात, काळ्या धुराला आधी एअर फिल्टर पाहावा एवढे इथे पुरे.

वहीवरून आम्हां दोघांतच मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की हे सारे वरातीमागून घोडे आहे. डिझेल पिणारे, धूर ओकणारे यंत्र आणखी दहा वर्षे चालवण्यात पुरुषार्थ नाही, नवी यंत्रे कमी इंधनात अधिक काम करतात, आणि मिस्त्रींच्या कौशल्याचे गोडवे गाताना त्यांना धरणावर कानाला बोळाही न देता ज्यांनी राबवले, त्यांचा हिशेब आपण मागत नाही. तो गेलेला उजवा कान ही ज्ञानाची किंमत म्हणून मिरवण्याची गोष्ट नव्हे. या शेवटच्या मुद्द्यावर दुसऱ्याकडे उत्तर नाही. पहिल्यावर आहे : नवे यंत्रही दहा वर्षांनी जुने होते, त्याचा पंपही झोपलेला असताना दोष पॅकिंगमध्येच असतो, आणि बिघाडाचा क्रमांक वाचणाऱ्या त्या तरुणाला 'आधी स्वस्त कारणे तपास' हे मराठीत सांगणारे पुस्तक हाताशी असते तर तीन आठवडे गेले नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने जे पुस्तक वाचले त्यात चिखल नव्हता.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. पदवीच्या उपयोजित मराठीत आम्ही विद्यार्थ्यांकडून कार्यालयीन पत्रे आणि जाहिरातींचे मसुदे लिहून घेतो. त्याऐवजी, निदान त्यासोबत, प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका मिस्त्रीजवळ बसून एका बिघाडाची नोंद करावी : लक्षण काय, संशय कोणावर, तो कसा फेडला, काय निघाले. शब्द मिस्त्रीचे, वाक्यरचना मिस्त्रीला वाचून दाखवल्यावर टिकलेली. मोटार गुंडाळणारा, पंप उतरवणारा, शिवणयंत्र दुरुस्त करणारी बाई, कोणीही चालेल. प्रतिशब्द सुचला तर समासात लिहावा, मजकुरात नको. आमच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या घरात असा एक माणूस आहेच; मराठीच्या तासाला त्याचा उल्लेख करणे त्यांना आजवर प्रशस्त वाटलेले नाही, आणि ही लाज त्यांना आम्हीच शिकवली.

यंदा आमच्या वर्गातल्या ११ जणांनी अशा नोंदी केल्या. त्यांतल्या चार चांगल्या आहेत, एक उत्तम आहे. ती एका मुलीने वडिलांच्या मळणीयंत्रावर लिहिली आणि त्यात एकही विशेषण नाही.

आमच्या वहीत लोडरची २३ पाने झाली आहेत. स्टीअरिंग क्लचचे पान अजून कोरे आहे. लोडर डावीकडे वळायला हल्ली कुरकुरतो, लिव्हर ओढला तरी ती बाजू पुरती सुटत नाही; लिव्हरचा ढिलेपणा मोजून झाला, तो ठीक निघाला. आत काय आहे ते खोलल्याशिवाय सांगणार नाही, असे मिस्त्री म्हणतात. गळीत हंगाम संपला आणि रान मोकळे झाले की खोलू, तेव्हा दोघेही या, आणि पांढरे कपडे घालून येऊ नका, असा त्यांचा निरोप आहे.